वारणेपल्याडचा कायदा

माझ्या आज्जाच्या बोलण्यात कायम दोन मुलूख असायचे. वारणेच्या अलीकडं 'आपलं राज्य' आणि पलीकडं 'खालसा'. पेठ वडगाव कोल्हापूर संस्थानात. किणी, घुणकीपर्यंत छत्रपतींचा अंमल, आणि नदी उतरून कणेगावच्या वाळूत पाय ठेवला की वाळवा तालुका, सातारा जिल्हा, म्हणजे इंग्रजाचं राज्य. संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झालं, त्यालाही वीस-पंचवीस वर्षं उलटली होती, तरी आज्जाच्या डोक्यातली हद्द पुसली नव्हती. शेताच्या बांधावरून कुणी कुणाला कोयता हाणला, की हाणणारा पहिल्यांदा नदीकडं पळायचा, असं तो सांगायचा. वारणा कमरेएवढी असली तरी पोलीस काठावर थांबायचे. पलीकडच्या साहेबाला कागद जायचा, तिकडून उत्तर यायचं, तोवर पळणारा कऱ्हाडच्या पुढं गेलेला असायचा.

सापडलाच तरी तो कोणत्या काठावर सापडला, याला महत्त्व होतं. कोल्हापूरला स्वतःचे न्यायाधीश होते, स्वतःचं हायकोर्ट होतं. पलीकडच्या माणसाचा कागद सातारच्या सेशन्स कोर्टातून मुंबईला जायचा. कलमं दोन्हीकडं बरीचशी सारखी, पण शेवटची सही कुणाची, हे नदी ठरवत होती.

याहून मोठी गंमत गोव्याची. आमच्याकडचे गाडीवान घाट उतरून सावंतवाडीकडं जायचे. त्यांच्या तोंडी एक बातमी कायम असायची, की फिरंग्याच्या राज्यात फाशी नाही. लहानपणी ही मला थाप वाटायची. ज्यांनी इन्क्विझिशन आणलं, ते फाशी कशी सोडतील? पुढं वाचनात आलं, की गाडीवानांचंच खरं होतं. पोर्तुगालनं 1867 मध्ये खुनासारख्या साध्या गुन्ह्यांसाठीची फाशी रद्द केली आणि 1870 मध्ये तोच नियम वसाहतींना लावला. म्हणजे टिळक शाळेत होते तेव्हापासून गोव्यात फास नव्हता. इंग्रजांनी सोलापूरच्या मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फासावर दिलं. गोव्याच्या लढ्यात पकडलेल्या मोहन रानड्यांना पोर्तुगीजांनी सव्वीस वर्षांची सजा ठोठावली, लिस्बनजवळच्या तुरुंगात नेऊन डांबलं, आणि 1969 मध्ये ते जिवंत परत आले. याचा अर्थ सालाझारचं राज्य दयाळू होतं असा नाही. याच राज्याच्या शिपायांनी 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. सरहद्दीवर गोळी चालत होती, कोर्टात फाशी चालत नव्हती. मग डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, पाठोपाठ आपली दंडसंहिता तिथं लागू झाली आणि तिच्याबरोबर फाशीही तिथं पोचली. स्वातंत्र्याच्या सामानात हेही एक गाठोडं होतं, त्याची आठवण कुणी काढत नाही.

दक्षिणेत त्रावणकोर संस्थाननंही 1944 मध्ये फाशी बंद केली होती. देश एक झाला, कायदा एक झाला आणि तिथंही ती परत आली. तेव्हा एका देशात राहून एका नदीच्या अलीकडं गळ्याला दोर आणि पलीकडं नाही, हा प्रकार अमेरिकेत असतो असं आज ऐकलं की लोक डोळे विस्फारतात. मला त्याचं फारसं नवल वाटत नाही. माझा आज्जा तसल्याच नकाशात राहिला.

आमच्या पिढीचं तसं नव्हतं. आम्ही वाढलो ते 'फाशी म्हणजे फाशी' या खात्रीत. गावात तंबूतला सिनेमा यायचा. प्रभातचा 'रामशास्त्री' लागला की शाळेतल्या सगळ्या पोरांना न्यायाचं वेड लागायचं. नारायणरावाच्या खुनाबद्दल दस्तुरखुद्द राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश! पुढचे आठ दिवस मैदानावर कुणी गोट्या चोरल्या, कुणी विटी लपवली, तरी एकजण पारावर उभा राहून हात उंचावून देहान्त प्रायश्चित्त ठोठावायचा. राघोबाला ते प्रायश्चित्त कुणी दिलं नाही, रामशास्त्र्यांनाच पुणं सोडावं लागलं, हा भाग आम्ही सोयीस्कर विसरायचो. धनाजी जाधवांची समाधी आमच्या गावात, पलीकडं पन्हाळा दिसतो. कडेलोट, हत्तीच्या पायी, तोफेच्या तोंडी हे शब्द आम्हाला इतिहासाच्या पुस्तकाआधी आजीच्या गोष्टींतून भेटले होते. शिक्षा सांगितली की ती झालीच, मधे काही घडत नाही, असं त्या गोष्टींचं गणित होतं.

आणि खरोखरच तेव्हा मधे फार वेळ जात नव्हता. जोशी-अभ्यंकर खून खटला आमच्या तरुणपणातला. जानेवारी 1976 ते मार्च 1977 एवढ्या काळात पुण्यात दहा माणसं गेली. मारणारी पोरं अभिनव कला महाविद्यालयातली, चित्रं काढणारी. कोल्हापूर, सांगलीकडं पुणं म्हणजे शिकायला पोरं पाठवायचं गाव, त्यामुळं ही बातमी घरात घुसली. संध्याकाळी सातनंतर दार उघडायचं नाही, आधी खिडकीतून बघायचं, ही पद्धत वडगावात तेव्हा आली. आमच्याकडं चोरायला काय होतं, तरी आली. सलूनच्या बाकड्यावर 'पुढारी' पडलेला असायचा. त्याचं एकेक पान वेगवेगळ्या माणसांच्या हातात. एकजण मोठ्यानं वाचायचा, दाढी करून घेणारा साबणाच्या फेसातून मत द्यायचा. 'त्येला पयला टांगा, मग चौकशी करा,' हे त्या बाकड्यावरचं कायमचं मत. त्याला कुणी हसायचं, कुणी मान डोलवायचं.

राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा यांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी झाली. शेवटच्या खुनापासून पावणेसात वर्षांत सगळं संपलं. सेशन्स, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, दयेचा अर्ज, सगळं. बाकड्यावर त्या दिवशी फार बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. जे मागितलं होतं ते मिळालं होतं, आणि मिळाल्यावर काय म्हणायचं याची तयारी कुणाची नव्हती. पुढं मुनव्वर शहानं तुरुंगात लिहिलेलं 'येस, आय ॲम गिल्टी' हे पुस्तक गावच्या वाचनालयात आलं. त्याच्यासाठी नंबर लावावा लागायचा.

त्या काळात आम्हाला ठाऊक नसलेली एक गोष्ट इथं सांगायला हवी. 1898 च्या फौजदारी संहितेत असा नियम होता, की खुनाला फाशी न देता जन्मठेप द्यायची असेल तर न्यायाधीशानं कारण लिहावं. म्हणजे फाशी हा रिवाज, जीवदान अपवाद. 1955 च्या दुरुस्तीनं ती अट गेली. 1973 च्या संहितेनं गाडा उलटा फिरवला, फाशी द्यायची असेल तर खास कारण लिहा. 1980 मध्ये बच्चनसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं 'दुर्मिळातील दुर्मिळ' ही कसोटी घालून दिली. त्या घटनापीठातले न्यायमूर्ती भगवती बाकीच्यांशी सहमत नव्हते. त्यांनी वेगळं लिहिलं, की आरोपी जगेल की मरेल हे त्याची फाईल कोणत्या न्यायाधीशांपुढं जाते यावर ठरतं. बाकड्यावरच्या माणसानं असं म्हटलं असतं तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं.

भगवतींच्या म्हणण्याचा दाखला त्याच सुमाराला कोर्टापुढं आला. उत्तर प्रदेशातल्या एका खुनात तिघांना फाशी झाली होती, जीतासिंग, काश्मिरासिंग आणि हरबंससिंग. गुन्हा एक, पुरावा एक, शिक्षा एक. तिघांचे अर्ज वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या पीठांपुढं गेले. काश्मिरासिंगची फाशी जन्मठेपेत बदलली. जीतासिंगचा अर्ज फेटाळला गेला आणि ऑक्टोबर 1981 मध्ये तो फासावर गेला. हरबंससिंगला शेवटच्या घटकेला स्थगिती मिळाली, तेव्हा कुठं हा घोळ सुप्रीम कोर्टाच्या ध्यानात आला, आणि त्याला फाशी देऊ नये अशी शिफारस कोर्टानं राष्ट्रपतींकडं केली. नदी नाही, सरहद्द नाही, संस्थान नाही. तरी तिघांसाठी तीन कायदे झाले होते.

आता अमेरिका. आमच्या लहानपणी अमेरिका एकच होती. ती केनेडींची, चंद्रावर गेलेली, रेशनवर मिळणाऱ्या मिलोची. तिला राज्यं आहेत हे भूगोलाच्या पेपरापुरतं. आज वडगावच्या दर दोन-चार घरांत एखादं पोर तिकडं आहे. माझा एक पुतण्या ह्यूस्टनला, चुलतबहिणीची मुलगी न्यू जर्सीत, आणि जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा डेट्रॉइटच्या कडेला मोटारींच्या कंपनीत. दिवाळीला व्हिडिओवर तिघं एकदम भेटले की माझ्या ध्यानात येतं, की ही पोरं एका देशात राहत असली तरी तीन वेगळ्या मुलखांत राहतात.

डेट्रॉइट ज्या मिशिगनमध्ये आहे, त्या राज्यानं 1846 मध्येच खुनाची फाशी रद्द करायचा कायदा केला. तेव्हा साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंहांचे धाकटे बंधू गादीवर होते आणि इंग्रजांनी अजून सातारा खालसा केलं नव्हतं. मिशिगनमधून दक्षिणेला तास-दीड तास गाडी हाकली की ओहायो लागतं. तिथं मृत्युदंड कायद्यात आहे, पण 2018 नंतर तो कुणावर अमलात आणलेला नाही. न्यू जर्सीनं 2007 मध्ये तो काढून टाकला. व्हर्जिनियानं 2021 मध्ये काढला, तेव्हा तिकडं मोठी बातमी झाली, कारण गुलामगिरीच्या जुन्या दक्षिणेतलं ते पहिलं राज्य. सध्या पन्नासापैकी तेवीस राज्यांत मृत्युदंड नाही, सत्तावीस राज्यांत आहे. त्या सत्तावीसांतही तऱ्हा पाहाव्यात. कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत मृत्युदंड झालेले शेकड्यांनी कैदी आहेत. देशात सगळ्यांत जास्त तिथंच, पण 2006 नंतर एकाचीही शिक्षा अमलात आलेली नाही आणि 2019 मध्ये गव्हर्नरनं तिला स्थगितीच देऊन टाकली. पेनसिल्व्हेनियातही 2015 पासून स्थगिती. आंध्रातून गेलेल्या एका तरुण इंजिनिअरला तिथं एका आजीच्या आणि तिच्या दहा महिन्यांच्या नातीच्या खुनाबद्दल मृत्युदंड झाला. आपल्याकडच्या वाहिन्यांनी फेब्रुवारी 2018 मधली तारीखही जाहीर केली होती. तारीख आली आणि गेली.

आणि टेक्सास. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 1972 मध्ये सगळे मृत्युदंड रद्द ठरवले, 1976 मध्ये नव्या कायद्यांना परवानगी दिली. तेव्हापासून देशभरात सोळाशेवर माणसांना देहदंड झाला. त्यातले सहाशेच्या घरात एकट्या टेक्सासमधले. विषारी इंजेक्शननं माणूस मारण्याचा जगातला पहिला प्रयोगही तिथलाच, डिसेंबर 1982 मधला. माझा पुतण्या राहतो त्या हॅरिस काउंटीनं, म्हणजे आपल्या हिशेबानं एका जिल्ह्यानं, शंभर-सव्वाशेच्या वर माणसं हंट्सव्हिलला धाडली. टेक्सास सोडलं तर बहुतेक अख्ख्या राज्यांचाही आकडा तेवढा नाही. ह्यूस्टनहून हंट्सव्हिल म्हणजे वडगावहून साताऱ्याइतकं. संध्याकाळी सहाला ते काम होतं. पुतण्याला विचारलं, तुमच्या हापिसात त्या दिवशी काही बोलणं होतं का? तो म्हणाला, 'काका, तेव्हा सगळे ट्रॅफिकमध्ये असतात.'

पद्धतीही राज्याराज्यांच्या. अलाबामानं जानेवारी 2024 मध्ये नायट्रोजन वायू वापरला. साउथ कॅरोलिनानं मार्च 2025 मध्ये बंदुका काढल्या. मृत्युदंडासाठी टेक्सासात बाराच्या बारा ज्युरींचं एकमत लागतं, फ्लोरिडात 2023 पासून बारांतले आठ पुरतात. टेक्सासात कैद्याला शेवटचं आवडीचं जेवण द्यायची रीत होती, ती 2011 मध्ये बंद झाली, कारण एकानं टेबल भरून पदार्थ मागवले आणि एकालाही हात लावला नाही. एक आमदार चिडला आणि रीत गेली.

हे सगळं ऐकलं की आमच्याकडचे लोक म्हणतात, असा कसा देश, एकाच गुन्ह्याला इकडं जन्मठेप आणि तिकडं सुई? मला मात्र त्यात एक प्रामाणिकपणा दिसतो. त्यांची हद्द नकाशावर काढलेली आहे, शाळेतलं पोरही बोट ठेवून दाखवेल. आपली हद्द कुठून जाते हे कळायला फाईल उघडावी लागते.

याचा अनुभव कोल्हापूरइतका कुणाला नसेल. नव्वदच्या दशकात आमच्या भागातल्या जत्रांमध्ये लहान मुलं हरवायची. मुलं हरवणं जत्रेत नवं नव्हतं. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेत लाउडस्पीकरवरून दिवसभर 'लाल फ्रॉक घातलेली मुलगी, नाव सांगत नाही' हे चालायचंच, आणि संध्याकाळपर्यंत फ्रॉकवाली आईच्या कडेवर असायची. पण 1996 च्या अखेरीस नाशिककडं अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, पकडल्या गेल्या आणि जे बाहेर आलं त्यानं सगळा जिल्हा हबकला. गर्दीत पाकीट मारायचं, सापडलं तर कडेवरचं लेकरू पुढं करायचं, म्हणून मुलं पळवायची आणि नकोशी झाली की मारून टाकायची. अंबाबाईच्या देवळात सीमाला लोकांनी धरलं, तेव्हा लक्ष उडावं म्हणून आईनं हातातलं मूल जमिनीवर आपटलं, ही हकिगत कोर्टात आली. ते मूल नंतर मारलं गेलं. देवळाचं ते आवार आम्हा सगळ्यांच्या पायाखालचं. नवरात्रात, लग्नानंतर, पोराच्या जावळाला आम्ही तिथंच उभे राहत होतो.

त्या हिवाळ्यात वडगावच्या बाजारात एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. बायका लेकराच्या मनगटाला पदराचं टोक बांधून भाजी घ्यायच्या. गाठ साधी नसायची, बैलाच्या दाव्याला मारतात तशी. एक हात तराजूकडं, एक गाठीवर. पोरं ओढ घ्यायची, पदर ताणायचा, बाई भाव करता करता दोन पावलं मागं यायची. एसटी स्टँडवर 'खिसेकापूंपासून सावध रहा' ही पाटी वर्षानुवर्षं होती, तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. आता लोक ती वाचायला लागले. आणि कडेवर झोपलेलं मूल घेतलेली अनोळखी गरीब बाई दिसली, की तिच्याभोवती कोंडाळं जमायचं, 'पोरगं कुणाचं?' त्यात किती निरपराध आयांनी मार खाल्ला असेल, याची नोंद कुठल्या पोलीस ठाण्यात नाही.

अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच कोठडीत मेली. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात उज्ज्वल निकम सरकारतर्फे उभे होते. न्यायाधीश जी. एल. येडके यांनी 28 जून 2001 रोजी दोघी बहिणींना फाशी सुनावली. हायकोर्टानं 2004 मध्ये, सुप्रीम कोर्टानं 31 ऑगस्ट 2006 रोजी ती कायम केली. स्वातंत्र्यानंतर फाशी जाणाऱ्या पहिल्या बायका, असं पेपरांत पुन्हा पुन्हा छापून यायचं. मग दयेचे अर्ज गेले. सलूनच्या बाकड्याची जागा प्लॅस्टिकच्या खुर्च्यांनी घेतली, दाढीचा साबण जाऊन फोम आला. पदराला बांधलेली पोरं दहावी, बारावी होऊन पुण्याला नोकरीला लागली. फाईल मंत्रालय आणि दिल्ली यांच्या मध्ये होती. राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी 2014 च्या जुलैत अर्ज फेटाळला, तेव्हा गावात पुन्हा चार दिवस चर्चा झाली, आता होणार म्हणून. दोघी हायकोर्टात गेल्या. 18 जानेवारी 2022 रोजी हायकोर्टानं निकाल दिला, की दयेच्या अर्जावर निर्णय द्यायला सरकारनं पावणेआठ वर्षांहून जास्त काळ लावला, याला काही सबब नाही, म्हणून फाशीची जन्मठेप. सरकारच्या ढिलाईवर ताशेरे ओढले. सोडून मात्र दिलं नाही.

गावातली पहिली प्रतिक्रिया शिव्यांची होती. माझीही काही फार वेगळी नव्हती. त्या लेकरांच्या आया आठवल्या. पण शांतपणे बघितलं तर कोर्टाचं चुकलं म्हणता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2014 मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात सांगून ठेवलं होतं, की दयेच्या अर्जाला विनाकारण उशीर केला तर फाशी देता येणार नाही. फास डोक्यावर टांगून वर्षानुवर्षं कोठडीत ठेवणं हीच एक वेगळी सजा. ज्या कारकुनानं, ज्या अधिकाऱ्यानं फाईल या टेबलावरून त्या टेबलावर सरकवली नाही, त्यानं नकळत दोघींचे प्राण वाचवले. सह्या मात्र त्याच्या नाहीत. पुण्यातल्या 2007 च्या बीपीओ तरुणीच्या खुनाच्या प्रकरणात हेच झालं. फाशीची तारीख 24 जून 2019 ठरली होती. हायकोर्टानं उशिराचे दिवस मोजले आणि शिक्षा पस्तीस वर्षांच्या कैदेवर आणली. कसाबचं उलट. गुन्हा नोव्हेंबर 2008, फाशी 21 नोव्हेंबर 2012, चार वर्षांत. बातमी आली तेव्हा तो गेलेलाही होता, आणि आमच्या चौकात पेढे वाटले गेले. तेव्हा फायली पळतात, कारण पळवायच्या असतात.

म्हणजे वारणा आता आमच्या गावाजवळून नाही, टेबलांमधून वाहते. कुठल्या काठाला फास आणि कुठल्या काठाला कोठडी, हे आजही ठरतं. फक्त ते आज्जाला नदी बघून कळायचं, आम्हाला दहा-वीस वर्षांनी पेपर वाचून कळतं.

त्या काळाची मला ओढ आहे ती फाशीसाठी नाही. बाकड्यावरचा माणूस 'टांगा' म्हणायचा, तेव्हा समोर बसलेला दुसरा त्याला निदान विचारू शकायचा, तुझा पोरगा असता तर? वाद व्हायचा, चहा यायचा. आता मोबाईलवर 'भरचौकात फाशी द्या' असं चित्र येतं, चारशे माणसांचा ग्रुप असतो, खाली हात जोडल्याच्या खुणा येतात आणि संपलं. सरकारलाही हे कळतं. विधिमंडळानं डिसेंबर 2021 मध्ये शक्ती विधेयक एकमतानं मंजूर केलं, त्यात बलात्काराच्या काही प्रकारांना फाशी होती. पेढे वाटून झाले, विधेयक दिल्लीला गेलं, मंजुरी आली नाही, शेवटी सरकारनं ते मागं घेतलं. ते टिकलं असतं तर महाराष्ट्रात एका गुन्ह्याला फाशी आणि हद्दीपलीकडं निपाणीला, म्हणजे कर्नाटकात, त्याच गुन्ह्याला जन्मठेप, असं झालं असतं. अमेरिका आमच्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर आली असती.

सत्र न्यायालयं मात्र फाशी सुनावतात, आणि पूर्वीपेक्षा जास्त. 2022 साली देशात 165 जणांना ती सुनावली गेली. त्या वर्षी फास लागला तो कुणालाच नाही. शेवटची फाशी 20 मार्च 2020 रोजी तिहारमध्ये, निर्भया प्रकरणातल्या चौघांची. महाराष्ट्रात आता फाशीची सोय येरवडा आणि नागपूर या दोनच तुरुंगांत आहे. आमच्या वडगावच्या कोर्टातल्या न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांपलीकडं कैद देता येत नाही, तिथं भांडणं बांधाची आणि चेक न वटल्याची. पण कोल्हापूरच्या न्यायालयानं 2021 मध्ये आईच्या खुनाबद्दल एकाला फाशी दिली, ती हायकोर्टानं 2024 मध्ये कायम केली. तेव्हा कागद मुंबईला जायचे. 17 ऑगस्ट 2025 रोजी कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांसाठी. संस्थानाबरोबर गेलेलं हायकोर्ट या रूपानं परत आलं, याचा आनंद वकिलांनी फटाके उडवून साजरा केला. मलाही झाला. आज्जा असता तर म्हणाला असता, आता पळायला नदी नाही.

नव्या फौजदारी संहितेत दयेच्या अर्जाला मुदत घातलेली आहे. तुरुंगाधिकाऱ्यानं कळवल्यापासून तीस दिवसांत तो करायचा. अर्ज करणाऱ्यानं तीस दिवस पाळायचे. टेबलावरच्या प्रत्येक माणसानं किती पाळायचे, हे तेवढं पक्कं लिहिलेलं नाही.

ह्यूस्टनच्या पुतण्याच्या बायकोला नागरिकत्व मिळालं आणि तिला हॅरिस काउंटीच्या कोर्टातून ज्युरीसाठी बोलावणं आलं. ती घाबरून गेली. तिकडं मृत्युदंडाच्या खटल्यात ज्युरी निवडताना प्रत्येकाला उभं करून विचारतात, पुराव्यानं सिद्ध झालं तर तुम्ही ही शिक्षा देऊ शकाल का? जो कधीच देणार नाही म्हणतो त्याला वगळतात. आपल्याकडं नानावटी खटल्यानंतर ज्युरी हळूहळू गेली, तेव्हा हा प्रश्न आपल्या कुणाला नाव घेऊन विचारला जात नाही. सलूनच्या बाकड्यालाही कधी विचारला गेला नाही. तिनं आम्हाला फोन करून विचारलं, काय सांगू? घरात त्या रात्री मोठी चर्चा झाली. आमच्या घरातला सगळ्यांत तावातावानं 'टांगा' म्हणणारा माणूस म्हणाला, 'तब्येतीचं कारण सांग आणि सुटून ये.' ती गेली. तिच्या वाट्याला आला तो दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला, आणि दुपारी तोही आपसात मिटला.